तिसऱ्या दुरुस्तीआधी पहिल्या दोन दुरुस्त्यांची नोंद पाहावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मिश्रपोलादाच्या सांगाड्यातील जोडाला तडा गेला की तो खरवडून काढायचा, पुन्हा वेल्ड भरायचा आणि ताणमुक्तीसाठी, म्हणजे वेल्डिंगमुळे धातूत अडकलेला ताण घालवण्यासाठी, तापवायचा, म्हणजे जोड नव्यासारखा झाला, ही समजूत कारखान्यांत घट्ट रुजलेली आहे. वेल्डिंग तपासणीत उमेदीची वर्षे गेल्याने तिचा धोका मांडणे मला कर्तव्य वाटते.

क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद वेल्डिंगनंतर लवकर निवले की जोडालगतचा पट्टा कठीण आणि ठिसूळ होतो आणि त्यात हायड्रोजन शिरलेला असेल तर तडा काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही उमटतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचा किंग्ज ब्रिज खुला झाल्यानंतर सुमारे सव्वा वर्षातच, १९६२ मध्ये, एका जड वाहनाखाली खचला, तेव्हा वेल्डच्या टोकांशी निघालेले आणि तपासणीतून निसटलेले असेच तडे त्याच्या मुळाशी होते. त्यामुळे आधी तापवणे, इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) कोरडे ठेवणे आणि पोलादाच्या प्रकारानुसार साधारण ६०० ते ७५० अंश सेल्सिअसला ताणमुक्ती करणे, याला माझा विरोध असण्याचे कारणच नाही.

प्रश्न पुनरावृत्तीचा आहे. ताणमुक्तीच्या प्रत्येक फेरीचा परिणाम आधीच्या फेऱ्यांवर साचत जातो. पोलादातील कार्बाइडचे (कार्बन आणि धातूच्या संयुगाचे) कण मोठे होतात, ताकद उतरते आणि बऱ्याचदा चिवटपणाही घटतो. क्वेंच आणि टेम्पर केलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड केलेल्या आणि मग पुन्हा बेताने तापवलेल्या, पोलादात हे तापमान मूळ टेम्परिंगच्या तापमानापलीकडे गेले, तर जोडच काय, आजूबाजूचा चांगला धातूही नरम पडतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. व्हॅनेडियम असलेल्या काही पोलादांत तर ताणमुक्तीसाठी तापवतानाच जोडालगत नवे तडे जातात.

म्हणून प्रत्येक जोडाच्या नोंदवहीत दुरुस्तीची नेमकी जागा, खोली, तापमान आणि एकूण तास लिहिलेच पाहिजेत. त्याच जागी तिसऱ्यांदा वेल्डिंगची वेळ आली, तर काम थांबवून तडा का जातो, याचा आधी शोध घ्यावा. दोष आराखड्यात किंवा भारात असेल, तर वेल्डर कितीही कुशल असला तरी तो दोष वेल्डिंगने दूर होणार नाही. त्याच पोलादाच्या नमुन्याला नोंदवहीतील एकूण तासांइतके तापवून त्याची ताकद आणि चिवटपणा मोजावा. अंतिम तपासणी मात्र जोड निवल्याबरोबर न उरकता ४८ तासांनंतरच करावी, मग काम सुरू करण्याची घाई कितीही असो.

आपला,
एक निवृत्त वेल्डिंग निरीक्षक