हेग स्टेशनवरच्या ताईंना

ताई,
सा.न.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. हेग सेंट्रल स्टेशनबाहेर बाबा गुडघा धरून मटकन खाली बसले, "आई गं" म्हणाले, आणि मागून आवाज आला, "पाय मुरगळला व्हय काकांचा? बसा, बसा, उठू नका." परक्या मुलखात असं कोल्हापुरी मराठी कानावर पडलं की माणूस निम्मा बरा होतो. बाबा झालेही.

मी तर परत फिरायच्या तयारीत होतो. तुम्हीच विचारलंत, "निघाला होता कुठं?" लाउमन म्युझियम, ते जुन्या मोटारींचं, म्हटल्यावर तुम्ही आम्हाला गाडीत घातलंत, वाटेत घराशी थांबलात आणि माळ्यावरून सासऱ्यांची घडीची व्हीलचेअर काढून आणलीत. "पडूनच होती," म्हणालात. धूळसुद्धा पुसून दिलीत.

बाबांनी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली आहेत. त्यांच्या लेखी म्युझियम म्हणजे शाळेच्या सहलीची जागा. इथे मात्र मला खुर्ची ढकलू देईनात, "थांब रे!" म्हणून दर दोन मिनिटांनी दटावायचे. १९०३ ची स्पायकर, सहा सिलिंडर आणि चारही चाकांना ओढ, तिच्यापाशीच वीस मिनिटं गेली. वाकून खालची बाजू बघायची म्हणून खुर्चीतून उतरायला निघाले होते. चर्चिल यांची हंबर दिसली, तिला नुसती मान डोलावली. मोठ्या माणसांच्या गाड्यांचं त्यांना फारसं काही नसतं.

मग हंसाची गाडी आली. तुम्ही "ती बघाच" म्हणाला होतात, पण काय बघायचं ते सांगितलं नाहीत, बरं केलंत. १९१० साली कलकत्त्यातल्या मॅथ्यूसन नावाच्या साहेबाने इंग्लंडच्या लोस्टॉफ्ट गावी ब्रुक कंपनीकडून बनवून घेतलेली. अख्खी बॉडी हंसाची, दिवे लागणारे डोळे, चोचीतून वाटेतल्या लोकांवर पाण्याचा फवारा, आणि मागून रस्त्यावर पांढरा चुना सांडायची सोय, म्हणजे हंसाने शिटल्यासारखं! टायरला चिकटलेली हत्तीची लीद झाडायला ब्रशही होते. कलकत्त्याच्या रस्त्यांवर एवढा गोंधळ उडाला की पोलिसांनी तिला बंदी केली. पुढे ती पंजाबातल्या नाभा संस्थानाच्या महाराजांकडे गेली आणि १९९१ मध्ये इथे आली. शेजारी तिचं पिल्लूही उभं आहे, महाराजांनी करवून घेतलेली छोटी गाडी. बाबा हसून हसून खोकले. नंतर गंभीर होऊन म्हणाले, "फवारा रेडिएटरच्या पाण्याचा असणार. डोकं होतं बरं का साहेबाला, नको तिथं वापरलं."

मला वाटलं होतं, दिवस हंसाने जिंकला. पण बाबा रमले ते टोयोटा एएपाशी. १९३६ ते १९४३ मध्ये अशा चौदाशेच्या आसपास गाड्या निघाल्या. ही एक रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला सापडली, २००८ मध्ये, आणि म्युझियमने तिला जशी सापडली तशीच ठेवली आहे. गंज, पोचे, कुणीतरी हाताशी होतं ते ठोकून बसवलेलं. आजूबाजूला आरशासारख्या चकचकीत गाड्या आणि मध्ये ही. बाबा किती तरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रंगवली नाही ते चांगलं केलं. हिला कुणी चालती ठेवली ते दिसतंय." वर्कशॉपमधल्या एवढ्या माणसांची नावं त्यांनी मला त्या अर्ध्या तासात सांगितली, जी आजवर घरात कधी निघाली नव्हती. खुर्ची नसती तर आम्ही फार तर अर्ध्या तासात बाहेर पडलो असतो, ताई.

संध्याकाळी तुम्ही खुर्ची न्यायला आलात, आम्हाला स्टेशनवर सोडलंत. मी पाकीट काढलं तेव्हा ज्या नजरेने पाहिलंत ती अजून आठवते. आइंडहोवनची गाडी सुटायला चार मिनिटं होती. "पळा आधी," म्हणालात.

बाबा आता पुण्याला परतले आहेत, गुडघा बरा आहे. फोनवर त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय, तो जसाच्या तसा देतो. पायपट्टीचा स्क्रू ढिला होता, तो त्यांनी म्युझियमच्या कॅफेत नाण्याने आवळला आहे. पण डाव्या चाकाचा ब्रेक पुरता धरत नाही. परत कुणाला बसवायच्या आधी तिथे एक वायसर टाकून घ्या.

तुमचा,
खुर्ची ढकलणारा