परदेशात परत मागवलेले ऑनिंग साताऱ्यात तसेच राहते : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, भारत सरकार,
परिवहन भवन, नवी दिल्ली.

विषय : मोटारहोमवर (राहण्याची सोय असलेल्या गाडीवर) बसवल्या जाणाऱ्या ऑनिंगमधील (सावलीसाठी बाहेर काढायच्या कापडी छतामधील) सदोष भाग परत मागवण्याची सक्ती करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

आपले मंत्रालय दिल्लीत असले तरी आपण मराठी माणूस आहात, म्हणून हे पत्र मराठीतच लिहीत आहे. गेल्या आठवड्यात मला एका आयातदार कंपनीचे उत्तर आले. ते एका वाक्याचे आहे : "सदर सूचना भारतातील ग्राहकांना लागू नाही." ही 'सदर सूचना' त्याच ऑनिंगच्या परदेशी उत्पादकाने तिकडच्या मोटारहोमधारकांना पाठवलेली आहे. ठरावीक अनुक्रमांकांच्या ऑनिंगमधील कापड तोलून धरणाऱ्या आर्मची तार तुटण्याचा धोका आहे, दुरुस्ती होईपर्यंत ऑनिंग उघडू नये आणि आर्म विनामूल्य बदलून घ्यावेत, असे तीत स्वच्छ शब्दांत म्हटले आहे. आमच्या गाडीवरच्या ऑनिंगचा अनुक्रमांक त्या यादीत बसतो. फरक इतकाच, की तिकडच्या ग्राहकाला हे पत्राने कळले आणि आम्हाला माझ्या पत्नीचे गळपट्टीचे हाड मोडल्यावर कळले.

मी जलसंपदा विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून आम्ही दोघांनी एक मोटारहोम बांधून घेतले. पत्नीला गुडघेदुखी आहे आणि लॉजच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून स्वतःचे अंथरूण, स्वतःचे स्वयंपाकघर आणि स्वतःचे स्वच्छतागृह बरोबर घेऊन बामणोली, कोयना, चांदोली असे जवळचे का होईना पण निवांत फिरावे, एवढीच इच्छा होती. गाडीच्या डाव्या अंगाला छताजवळ एक लांब पेटी बसवलेली असते. हँडल फिरवले की तिच्यातून गुंडाळलेले कापड बाहेर येते, दोन दुमडलेले आर्म उलगडतात आणि दारासमोर सावली होते. त्यालाच ऑनिंग म्हणतात. बघणाऱ्याला ते नुसते कापड वाटते. प्रत्यक्षात त्या दोन आर्ममध्ये जोरकस स्प्रिंग असतात आणि स्प्रिंगचा ताण कोपराच्या सांध्यावरून वळणाऱ्या पोलादी तारेने पुढे जातो. ही तार जोवर शाबूत आहे तोवर पुढचा अ‍ॅल्युमिनियमचा बार अधांतरी उचललेला राहतो. ती तुटली की त्या बाजूचा बार खाली येतो, आणि खाली कोण उभे आहे याचा तो विचार करत नाही.

अपघात घाटात झाला नाही, पठारावर झाला नाही, आमच्या शाहूपुरीतील घराच्या अंगणात झाला. रात्री पाऊस पडून गेला होता आणि कापड ओले राहिले तर बुरशी धरते म्हणून सकाळी ते वाळवायला काढले होते. माहितीपुस्तिकेत लिहिले आहे की ऑनिंग साधारण मीटरभर बाहेर काढावे, मग थांबून पुढच्या बारमधले आधाराचे पाय खाली सोडावेत आणि त्यानंतर उरलेले उघडावे. मी हँडल फिरवत होतो आणि पत्नी पाय सोडण्यासाठी बारखाली गेली होती. म्हणजे पुस्तिकेने तिला जिथे उभे राहायला सांगितले, नेमकी तिथेच ती उभी होती. एक कडक आवाज झाला आणि डावीकडचा बार तिच्या खांद्यावर आला. नंतर मी तो सांधा उघडून पाहिला. तारेवरचे प्लास्टिकचे आवरण बाहेरून अखंड, चकचकीत होते. आत मात्र तांबडी भुकटी झाली होती आणि तुटलेले पदर झिजलेल्या खराट्याच्या काड्यांसारखे विस्कटले होते. बाहेरून कितीही बारकाईने पाहिले असते तरी हे कोणालाही दिसले नसते. अशा दोषाची माहिती फक्त उत्पादकाकडे असू शकते, आणि आमच्या बाबतीत ती त्याच्याकडे होतीही.

आयातदार कंपनीने आधी फोनवर दोन्ही आर्म बदलून देण्याचे आणि उपचाराच्या खर्चात वाटा उचलण्याचे कबूल केले. ते लेखी मागितल्यावर सूर बदलला. मग विचारणा सुरू झाली ती वाऱ्याची. गाडी चाळकेवाडीच्या पठारावर उभी होती का, पवनचक्क्या आहेत त्या भागात ऑनिंग उघडले होते का, असे प्रश्न आले. अंगणात झाडाचे पान हलत नव्हते, असे मी कळवले. तरीही त्यांच्या कागदावर कारण 'जोराचा वारा अथवा चुकीची हाताळणी' असेच लिहिले गेले.

वाऱ्याचा विषय त्यांनी काढलाच आहे, तर तोही नीट मांडतो. आमचे ऑनिंग साडेतीन मीटर लांब आणि अडीच मीटर पुढे येणारे, म्हणजे पावणेनऊ चौरस मीटर कापडाचे आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 12 किलो भरतो, म्हणजे तो समोरून आला तर एवढ्या कापडावर 100 किलोंहून अधिक जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. कापडावर पावसाचे पाणी साचले, तर एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाण्याचे वजन 10 किलो होते. हा हिशेब अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येतो. म्हणूनच युरोपात इमारतींवरच्या ऑनिंगसाठी ईएन 13561 या मानकात वाऱ्याला टिकण्याचे वर्ग ठरवले आहेत आणि किती वाऱ्यापर्यंत ते उघडे ठेवता येईल हे ग्राहकाला कळू शकते. आमच्या पुस्तिकेत फक्त "जोराचा वारा असल्यास वापरू नये" असे वाक्य आहे. जोराचा म्हणजे ताशी किती, हे कुठेही नाही. आकडा न देण्याचा फायदा असा, की पुढे कोणताही वारा जोराचा ठरवता येतो.

हा प्रश्न केवळ उभ्या गाडीचा नाही. पेटीचे कुलूप सैल झाले, पेटी धरणारे बोल्ट खड्ड्यांच्या हादऱ्यांनी ढिले पडले किंवा विजेवर चालणाऱ्या ऑनिंगच्या स्विचमध्ये पाणी शिरले, तर ते चालत्या गाडीतही उघडू शकते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर, खंबाटकीच्या उतारावर, ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे ऑनिंग उघडले, तर डाव्या अंगाने येणाऱ्या दुचाकीस्वाराचे काय होईल, याची कल्पना आपल्या मंत्रालयातील अधिकाऱ्यांनी करावी.

आता कायद्याकडे येतो. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आले, मार्च 2021 मध्ये नियम प्रसिद्ध झाले आणि 1 एप्रिल 2021 पासून ते अमलात आले. सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते आणि नियमांनुसार उत्पादकाला 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही सामान्य वाहनधारकांनी या तरतुदीचे मनापासून स्वागत केले होते. त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की दोष वाहनाच्या सुट्या भागात असेल, तर तो भाग ज्या ज्या वाहनांत आहे ती सर्व वाहने, मग ती कोणत्याही बनावटीची असोत, परत मागवता येतील. हे वाचून मला वाटले की आमचा प्रश्न सुटला. पण मी ज्या सरकारी कार्यालयात गेलो, तिथल्या खिडकीवर मला सांगण्यात आले की ऑनिंग हा वाहनाचा भागच नाही, ते नंतर बसवलेले सामान आहे, ग्राहक म्हणून दाद मागा. ग्राहक म्हणून विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की गाडीवरची वस्तू आहे, परिवहन खात्याकडे जा. गाडी बांधणारा म्हणतो ऑनिंग त्याने बनवले नाही, आयातदार म्हणतो त्याने बसवले नाही, आणि उत्पादक ज्या देशात आहे तिथे माझा आवाज पोहोचत नाही. चार खिळ्यांवर एकच वजन टांगले असताना चारही खिळे म्हणतात की भार आमच्यावर नाही. मग माझ्या पत्नीच्या खांद्यावर जो भार आला, तो कोणाचा होता, याचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे.

काच, आरसे, हॉर्न, सीटबेल्ट यांना सुरक्षेची मानके लावून त्यांची तपासणी सक्तीची करता येते, तर माणसाच्या डोक्यावर स्प्रिंगच्या ताणाने अधांतरी राहणाऱ्या बारला ती का लावता येत नाही? मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे मोटारहोमसाठी, एआयएस 124 हे स्वतंत्र मानक आहे. वाहन तपासणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या संस्था पुण्यात आहेत, व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे. हजारो वेळा उघडझाप करून तारेची झीज मोजणे आणि खाऱ्या फवाऱ्यात ठेवून गंज पाहणे, यात अशक्य असे काय आहे?

तिकडच्या देशांत हे कसे चालते तेही आपणास ठाऊक असणारच. अमेरिकेत दोष निश्चित झाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत उत्पादकाला सरकारी यंत्रणेकडे कळवावे लागते, आणि तिथे वाहनाचे सामानही त्या कायद्याच्या कक्षेत आहे. ब्रिटनमध्ये वाहनांबरोबर सुट्या भागांच्या आणि सामानाच्या रिकॉलची, म्हणजे ते परत मागवल्याची, माहितीही सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. युरोपीय संघात 13 डिसेंबर 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार, ज्या ग्राहकाचा पत्ता ठाऊक आहे त्याला रिकॉलची सूचना थेट द्यावी लागते. माझा पत्ता आयातदाराकडे आहे. दिवाळीत त्यांचे सवलतीचे पत्रक मला न चुकता येते. तार तुटण्याची सूचना मात्र त्याच पत्त्यावर पाठवण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण आपल्या देशात तशी सक्ती कोणी करत नाही.

महोदय, यातून जो मोठा प्रश्न उभा राहतो तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. पर्यटकांनी यावे, रोजगार वाढावा, हे सगळे आम्हालाही हवेच आहे. पण आपल्याकडे आधी वस्तू उभी राहते आणि ती पडल्यावर तिची जबाबदारी कोणाची याचा शोध सुरू होतो. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला जाहिरात फलक कोसळून 17 माणसे गेली. 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना तो 120 बाय 120 फुटांचा होता, हे दुर्घटनेनंतर सगळ्यांना दिसू लागले. त्याच वर्षी 26 ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 45 किलोमीटर होता असे आम्हाला ऐकवण्यात आले. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला ते ऐकताना काय वाटले असेल, हे आपणास सांगण्याची आवश्यकता नाही. वारा सह्याद्रीत अनादि काळापासून वाहतो आहे. त्याला दोष देणे सोपे आहे, कारण त्याला नोटीस बजावता येत नाही.

आमच्या घरातली स्थितीही आपणास कळावी. पत्नीच्या खांद्यात प्लेट बसवली आहे. तिला आडवे झोपता येत नाही, ती खुर्चीत उशा लावून रात्र काढते. कणीक मळता येत नाही, डबा फळीवरून काढता येत नाही, केस बांधायला शेजारच्या मुलीला बोलवावे लागते. जिने सगळ्या घराला आयुष्यभर उठवले, तिला सकाळी उठायला आधार द्यावा लागतो, आणि त्याचा तिला जो संकोच वाटतो तो मला बघवत नाही. व्यायामाच्या वेळी ती ओठ दाबून धरते. गाडी अंगणात उभी आहे, पण तिच्या डाव्या बाजूने जायला पत्नी आता तयार नसते. कंपनीने देऊ केलेली रक्कम रुग्णालयाच्या बिलापुढे नगण्य आहे आणि तीही 'यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही' अशा लेखी हमीच्या अटीवर देऊ केली होती. मी ती घेतलेली नाही आणि घेणारही नाही. जिल्हा ग्राहक आयोगात मी स्वतंत्र दावा दाखल करीत आहे, परंतु तो निकाल लागला तरी आमच्या एका घरापुरता असेल. त्याच अनुक्रमांकांच्या यादीतील आणखी ऑनिंग या देशात कोणाकोणाच्या दारासमोर उघडली जात असतील, हे फक्त आयातदाराला ठाऊक आहे आणि ते त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार फक्त सरकारला आहे.

म्हणून माझी मागणी आहे की वाहनावर कायमस्वरूपी बसवलेले ऑनिंग हा कलम 110-अ च्या दृष्टीने वाहनाचा सुटा भाग आहे, असे आपल्या मंत्रालयाने अधिसूचनेद्वारे स्पष्ट करावे. परदेशात एखादी वस्तू सुरक्षेच्या कारणासाठी परत मागवली गेली, तर तिच्या भारतातील आयातदाराने ते तत्काळ सरकारला आणि प्रत्येक ग्राहकाला कळवलेच पाहिजे, न कळवल्यास तो दंडास पात्र ठरला पाहिजे. ग्राहक व्यवहार खात्याच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही धोकादायक वस्तू परत मागवण्याचे अधिकार 2019 च्याच ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेले आहेत, तेव्हा दोन्ही खात्यांनी एकत्र बसून कोण काय करणार ते एकदाचे ठरवावे. ग्राहकाला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवणे थांबवावे.

कलम 110-अ नुसार दोषाची माहिती सरकारकडे तीन मार्गांनी येऊ शकते : ठरावीक टक्के मालकांकडून, चाचणी संस्थेकडून किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून. मोटारहोमधारक या देशात इतके थोडे आणि विखुरलेले आहेत की टक्केवारी जुळेपर्यंत वाट पाहिली, तर आणखी कोणाचे तरी हाड मोडेल. तेव्हा हे पत्र 'अन्य कोणताही स्रोत' म्हणून नोंदवून घ्यावे आणि चौकशी सुरू करावी. तुटलेली तार, दोन्ही आर्म, पेटीवरची अनुक्रमांकाची पट्टी आणि परदेशातील त्या सूचनेची प्रत मी जपून ठेवली आहे. आपण ज्या चाचणी संस्थेचे नाव कळवाल, तिथे हे सर्व मी स्वतः नेऊन देईन. त्यांची पोहोच मात्र मला सही-शिक्क्यासह लेखी मिळावी.

आपला,
एक मोटारहोमधारक व निवृत्त शाखा अभियंता,
शाहूपुरी, सातारा.