बाल्टिक देशांची भीती १९३९ची आहे

संपादक महोदय,

युक्रेन युद्धाच्या चर्चेत एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया या देशांचा उल्लेख आपल्याकडे बहुधा ‘नाटोच्या जोरावर रशियाला डिवचणारे चिमुकले देश’ असाच होतो. हे मला अन्यायाचे वाटते. तिन्ही देशांची मिळून लोकसंख्या जेमतेम आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी, म्हणजे साठ लाखांच्या आसपास आहे. एकटा एस्टोनिया तर नाशिक शहराहूनही लहान आहे.

ऑगस्ट १९३९मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी गुप्त कलमांद्वारे पूर्व युरोप आपसांत वाटून घेतला. त्यानंतर २८ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या तेरा दिवसांत, तटस्थता जाहीर केलेल्या या तिन्ही देशांना ‘परस्पर साहाय्या’च्या नावाखाली सोव्हिएत सैन्याला तळ द्यावे लागले आणि पुढच्याच जूनमध्ये निर्वाणीचे खलिते पाठवून ते देश जवळजवळ गोळी न झाडता ताब्यात घेतले गेले. फिनलंडने मागण्या नाकारल्या. १०५ दिवसांच्या युद्धानंतर त्याला सुमारे एक दशांश भूमी द्यावी लागली, परंतु त्याचे राज्य टिकले. बाल्टिक देशांतून मात्र केवळ मार्च १९४९मध्ये ९० हजारांहून अधिक लोकांना सैबेरिया आणि अन्य दूरच्या प्रदेशांत हद्दपार केले गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. ज्यांची आजी त्या मालगाडीत होती, त्यांना तटस्थतेचा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा?

लिथुआनियाने २०१५मध्ये आणि लॅटव्हियाने २०२४मध्ये सक्तीची लष्करी सेवा पुन्हा सुरू केली, ती या अनुभवातून. फेब्रुवारी २०२५मध्ये तिघांनी सोव्हिएत काळापासूनच्या सामाईक वीजजाळ्यातून बाहेर पडून पोलंडमार्गे युरोपीय जाळ्याशी जोडणी केली, कारण विजेची वारंवारिता मॉस्कोतून नियंत्रित होणे हा त्यांना परक्या तळाचाच एक प्रकार वाटत होता.

याच स्मृतीपायी लॅटव्हिया आणि एस्टोनियात सोव्हिएत काळात स्थायिक झालेल्या अनेक रशियन भाषकांना स्वातंत्र्यानंतर आपोआप नागरिकत्व मिळाले नाही आणि काहींना ते आजही नाही, हेही सांगितले पाहिजे. सोसलेल्या अन्यायाने ही वागणूक समजते. समर्थनीय ठरत नाही.

देवळालीचे तोफखाना केंद्र आणि ओझरचा विमान कारखाना ज्या जिल्ह्यात आहेत, तेथील वाचकांना संरक्षणाचे विषय परके नाहीत. म्हणून विनंती एवढीच की, या देशांविषयी लिहिताना आपल्या दैनिकाने त्यांच्या २००४च्या नाटोप्रवेशापासून नव्हे, तर १९३९पासून सुरुवात करावी.

आपला,
एक वाचक, नाशिक