आमची नोंदवही भरणाऱ्यांचे आभार
गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या पंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावची झाडे, जीव आणि त्यांविषयीच्या लोकांच्या माहितीची वही, ग्रामसभेपुढे आली. पहिल्या पानावर पंचायतीच्या जैवविविधता समितीचे नाव आहे. ही वही ज्यांनी भरली त्यांना स्वतःचे नाव नको होते. म्हणून हे जाहीर आभार.

भर पावसात कुळागरांच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांच्या, कडेने हिंडून तायकिळो, कुड्डूक, फागलां कुठे आणि केव्हा मिळतात हे दाखवणाऱ्या वहिनींनो, तुमच्याविना रानभाज्यांची पाने कोरी राहिली असती. देवराईतले झाड अन् झाड ओळखून देणारे आजोबा, औषधाची कृती मात्र लिहू नका म्हणालात. तुमचा शब्द पाळला आहे, आणि तो योग्यच होता. वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकाच्या, पाण्याची वाटणी समजावणाऱ्या शेतकरी दादांचेही आभार.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार पंचायतीची ही समिती असते आणि गावच्या जैविक साधनांच्या वापराबाबत ठरवताना राज्य जैवविविधता मंडळाने तिचा सल्ला घ्यायचा असतो. तो सल्ला ठामपणे द्यायचा तर हाती नोंद हवी. ती तुम्ही दिलीत.

ओहोळातल्या माशांची पाने अजून अपुरी आहेत. गरी घेऊन बसणाऱ्या पोरांनो, पुढच्या पावसात तुमच्याकडेच येतो.