लेबल छापायच्या आधी एवढं वाच

प्रिय बाळा,

तुझ्या शर्टांच्या लेबलचा फोटो बघितला, डिझाइन मस्त झालंय, पण छापायला टाकू नको इतक्यात. त्यावर ऑरगॅनिक, फेअर ट्रेड एवढं वाचलं की गिऱ्हाईक धरूनच चालतंय की सगळ्यांना नीट पैसे मिळाले असणार. पण फेअरट्रेडचं कापसाचं जे चिन्ह असतं ना, ते कापूस पिकवणाऱ्यापुरतं आहे. त्याला किमान भाव आणि वर प्रीमियम म्हणजे जादा रक्कम मिळते, ती कशावर खर्चायची ते शेतकऱ्यांचा गट बसून ठरवतो, हे चांगलंच आहे, पण शिवणारणीला काय मिळालं ते त्यात येत नाही. कापड कारखान्यांसाठी त्यांचं वेगळं स्टँडर्ड 2016 ला आलं.

मी आयुष्यभर पीसवर शिवलंय, रेट कुठं कापतात मला माहीत आहे. कापड महाग झालं, दोरा महाग झाला, ते कोण कमी करत नाही, शेवटी शिलाईतच कापतात. एका पार्टीनं तर दोऱ्याचे पैसेसुद्धा आमच्याकडनंच घेतलेले, उसवून परत आलेल्या पीसचे वेगळे, आणि पेमेंट मागायला गेलं की "वरनंच आलं नाही अजून". काज-बटण करणाऱ्या बायकांना तर त्याहून कमी, आणि सणाच्या तोंडावर रात्रीचे बारा वाजायचे.

आता तू आपल्या बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या बायकांकडनं शिवून घेणार म्हणतेस, मला लई आनंद झाला. पण जीओटीएसचा, म्हणजे ऑरगॅनिक कापडाच्या जागतिक स्टँडर्डचा शिक्का लावायचा तर जिनिंगपासून (कापसातनं सरकी काढतात तिथनं) शिलाईपर्यंत प्रत्येक टप्पा सर्टिफिकेटखाली यावा लागतो, नुसतं कापड सर्टिफाइड घेतलं म्हणून शर्टावर शिक्का मारता येत नाही. आमच्या गल्लीत कुठलं आलंय सर्टिफिकेट. मग शिक्का राहू दे, खरं तेवढं लिही, कापूस कुठला, विणलं कुठं, शिवलं कोणी, एका शर्टाला शिलाई किती दिली. मला विचारशील तर गिऱ्हाइकाला हेच कळायला पाहिजे.

कापडाचे कागद मात्र सोडू नको. 2020 मध्ये जीओटीएसवाल्यांनीच जाहीर केलं की भारतातला 20,000 टन कापूस खोट्या कागदांवर ऑरगॅनिक म्हणून खपवलेला, त्यासाठी चक्क खोटी वेबसाइट उभी केलेली. म्हणून प्रत्येक लॉटचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे त्या विकलेल्या मालाचाच सर्टिफाइड असल्याचा कागद, माग आणि ते देणाऱ्या संस्थेलाच स्वतः विचार, सप्लायरनं पाठवलेल्या लिंकवर जाऊन बघायचं नाही.

आणि कापूस पिकतो त्या बैलहोंगल-सौंदत्तीकडं एकदा जाऊन ये की. कन्नड येतं तुला, मध्ये दलाल कशाला. रासायनिक सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं कशी काढली ते शेतकऱ्याच्या तोंडून ऐक. उतारा कमी येतो, सर्टिफिकेट होईपर्यंत ऑरगॅनिकचा भाव मिळत नाही, आणि बीटी नसलेलं चांगलं बियाणं मिळता मिळत नाही. त्या वर्षातला कापूस कोणीतरी जास्त भाव देऊन घेतला तरच तो माणूस टिकतो, नाहीतर परत खताच्या दुकानात जातो. येताना हुदलीला थांब. 1937 ला गांधीजी आलेले ते गाव, तिथं खादीचं काम आहे. खादी म्हणजे ऑरगॅनिकच असं नाही हां, पण सूत कातणारी, विणणारी माणसं समोर बसून दिसतात, कोणाला काय मिळतंय ते त्यांनाच विचारता येतं.

पुढच्या वेळी घरी येताना तीन-चार शर्टांचं कोरं कापड आण. आधी भिजवून वाळवायचं, मगच कापायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतंय. मी आणि शेजारच्या काकू शिवून बघतो, कॉलर, कफ, काज, इस्त्री सगळं धरून किती वेळ जातो ते तू बाजूला बसून लिहून घे. त्यात पाठ मोकळी करायला उठलो तो वेळ पण धर. त्यावरनं रेट काढ आणि मग शर्टाची किंमत ठरव, आधी किंमत आणि मग उरलं त्यात शिलाई असं करायचं नाही. पेमेंट माल दिला त्याच दिवशी, तुझं येणं बाकी असलं तरी. त्यासाठी सुरुवातीला भांडवल कमी पडत असेल तर शर्ट कमी कर, पन्नासाच्या जागी वीस कर. बाबांशी बोलले मी, ते पण हेच म्हणतात.

तुझी,
आई