एक्झॉस्ट सेन्सरच्या चुकीच्या निदानाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: विद्युत दोषाची तपासणी न करता बदललेल्या सेन्सरच्या रकमेचा परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

लोटे औद्योगिक वसाहतीतून कुंभार्ली घाटामार्गे पुण्याकडे माल नेणारा माझा बीएस-६ ट्रक मी आपल्या अधिकृत सेवा केंद्रात दाखल केला होता. डॅशबोर्डवर इंजिनाची लाइट लागून चढावर गाडीची ताकद एकाएकी उतरत असे, आणि भरलेल्या गाडीला घाटाच्या वळणावर असे होणे किती धोक्याचे आहे, हे आपणांस वेगळे सांगायला नको. स्कॅनरवर एसपीएन ३२२६ (कोणत्या मोजमापात दोष आहे याचा क्रमांक), एफएमआय ९ (दोषाचा प्रकार) हा कोड दिसताच एक्झॉस्टमधील नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा सेन्सर खराब असल्याचे ठरवून नवा बसवण्यात आला, कोड पुसण्यात आला आणि बिल माझ्या हाती देण्यात आले. त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला त्याच घाटात तोच कोड पुन्हा आला.

माझी मुख्य हरकत निदानाच्या पद्धतीला आहे. एसपीएन ३२२६ हा क्रमांक एक्झॉस्टच्या बाहेरच्या टोकाकडील नायट्रोजन ऑक्साइडच्या मोजमापाचा आहे आणि एफएमआय ९ चा अर्थ त्या मोजमापाचा संदेश वेळेवर पोहोचत नाही, एवढाच होतो. संदेश थांबण्याला सेन्सर कारण असू शकतो, तसाच फ्यूज, २४ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग किंवा कॅनच्या (गाडीतील यंत्रणांमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या जाळ्याच्या) दोन वायरींपैकी एखादीही असू शकते. जॉब कार्डवर यांपैकी कशाच्याही तपासणीची नोंद नाही. गाडी दुसऱ्यांदा आणल्यावर तर आपल्या पर्यवेक्षकांनी डीईएफमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायच्या युरियाच्या द्रावणात) भेसळ असल्याचे सांगून टाकी रिकामी करण्याचा सल्ला दिला. डीईएफ निकृष्ट असते, तर गुणवत्तेचा किंवा शुद्धीकरणाच्या क्षमतेचा कोड यायला हवा होता. संदेश बंद पडण्याशी त्याचा संबंध कसा लावला, हे मला अद्याप कळलेले नाही.

अखेर चिपळूणच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने दोष शोधला. बॅटरीचे कनेक्शन काढून कॅनच्या दोन वायरींमध्ये त्याने मोजलेला रोध सुमारे ६० ओहम, म्हणजे योग्य होता. सेन्सरच्या कपलरवर मल्टिमीटर पूर्ण व्होल्टेज दाखवत होता, परंतु तेथे २१ वॅटचा बल्ब जोडताच ते निम्म्याहून खाली आले. चॅसिसवरील अर्थिंगची रिंग आतून गंजली होती. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढत नाही, त्यामुळे एखाद्या तारेपुरत्या जोडणीतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. सेन्सरच्या आतला, त्याला तापवणारा हीटर मात्र खरा करंट ओढतो. एक्झॉस्टमधील ओलावा उडून जाण्याइतकी उष्णता येईपर्यंत हा हीटर पूर्ण ताकदीने चालू होत नाही. केंद्रात थंड गाडी उभ्या उभ्या तपासल्यावर सर्व काही ठीक दिसत होते आणि घाटात सेन्सर बंद पडत होता, त्याचे कारण हेच आहे. रिंग घासून पुन्हा आवळल्यानंतर कोड आलेला नाही. कोकणातल्या पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीची अर्थिंग प्रथम पाहावी, एवढे तरी अधिकृत केंद्राला सुचायला हवे होते.

तरी सेन्सरची किंमत व मजुरी मला परत करावी आणि काढलेला जुना सेन्सर तपासणीच्या लेखी अहवालासह माझ्या ताब्यात द्यावा. गंजलेली जोडणी वॉरंटीअंतर्गत कायमस्वरूपी बदलून मिळावी आणि ‘बाहेर काम केले’ या सबबीवर वॉरंटी नाकारली जाणार नाही, असे लेखी कळवावे.

हा एकच ट्रक मी स्वतः चालवतो व त्यावरच माझा उदरनिर्वाह आहे. १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागण्यावाचून मला पर्याय राहणार नाही. बिल, जॉब कार्ड आणि कोडच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक ट्रकमालक, चिपळूण