परिणाम मोजायचा तर पावसाळ्यात मोजा
मा. संपादक,
त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीच्या पायथ्याशी माझी भातशेती आहे. यंदा बांधापलीकडे प्लॉटिंग पडले. मुरूम टाकून ओहोळ बुजवला. पहिल्याच मोठ्या पावसात डोंगराचे पाणी गाळासकट माझ्या खाचरात उतरले, आवणाची (लावणीची) रोपे गाडली गेली. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढेच पर्यावरण मंजुरी लागते. मग काय, प्रकल्पाचे छोटे छोटे तुकडे पाडले की मंजुरीशिवाय काम भागले! वर अंजनेरीचे राखीव क्षेत्र, गिधाडांचे कडे, दुर्मीळ कंदीलपुष्प; खाली जेसीबी आणि रात्रभर हॅलोजन. शेजारशेजारच्या सगळ्या लेआउटचा जंगलावरचा परिणाम एकत्र तपासावा, तोही पावसाळ्यात. मे महिन्यात ओहोळ कोरडाच दिसणार.
– एक शेतकरी, अंजनेरी (जि. नाशिक)